मागच्या काचेची किंमत

मराठीत 'काच' हा शब्द दोन लिंगांत नांदतो. ती काच खिडकीला असते, बांगडीत असते, चष्म्यात असते. तो काच दोरीचा असतो, नव्या जोड्याचा असतो, जात्यावरच्या ओव्यांतून भेटणारा सासरचा असतो. एक वस्तू, दुसरा जाच. या दोहोंचे मूळ एकच असेल असे मानण्याचे कारण नाही आणि वर्गात हा शब्द आला की विद्यार्थ्यांना मी तसे बजावतोही. पण गेल्या जानेवारीत माझ्या गाडीची मागची काच फुटली, ती बदलण्याच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला, आणि तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या मनात एकमेकांपासून पुरते वेगळे राहिलेले नाहीत. रक्कम फार मोठी होती असे नाही. ती कोणी द्यायची आणि देणाऱ्याला ती किती पडते, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला वाटत नाही.

आधी वस्तूविषयी. काचेवरून घेतलेले आपले बहुतेक वाक्प्रचार तड्यावर उभे आहेत. मनाला तडा जातो, मैत्रीला तडा जातो. तडा दिसतो, वाढतो, लपवता येतो, कधीकधी जन्मभर सांभाळताही येतो. मोटारीची पुढची काच या जातीची आहे. तिच्यात काचेचे दोन पातळ थर असतात आणि मध्ये प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. दगड लागला तर कोळ्याचे जाळे उमटते, पण काच जागेवर राहते आणि माणूस घरी पोचतो. मागची काच वेगळी. ती सहसा एकसंध असते. कारखान्यात ती सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडून झटकन थंड करतात. बाहेरची कातडी आधी घट्ट होते, आतला भाग मागाहून थंड होताना तिला आत ओढत राहतो. हा ताण काचेत कायमचा कोंडला जातो आणि त्या ताणातच तिचे बळ असते. मधोमध हाताने थाप मारली तर तिला काही होत नाही; कडेला कठीण वस्तूचा नेमका टोला बसला की कोंडलेला सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि खडीसाखरेसारख्या खड्यांचा ढीग उरतो. खडे फारसे धारदार नसतात, माणूस सहसा कापला जात नाही. तिची सुरक्षितता ती हीच. मधली अवस्था तिला नाही. ती अखंड तरी असते किंवा नसतेच.

तिची किंमतही या घडणीतून येते. एकदा अशी कडक केलेली काच पुन्हा कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. त्यामुळे घराच्या खिडकीचे तावदान जसे कोपऱ्यावरच्या दुकानात माप देऊन कापून आणतो तसे इथे चालत नाही. प्रत्येक गाडीचा बाक वेगळा, वायपरचे भोक वेगळ्या जागी, आणि ते सगळे भट्टीत जाण्याआधीच ठरलेले. शिवाय आतल्या बाजूने चांदीमिश्रित लेपाच्या बारीक आडव्या रेघा भाजून बसवलेल्या असतात. वीज सोडली की त्या तापतात आणि काचेवर धरलेले धुके विरते. गाडीवाले त्याला डीफॉगर म्हणतात. एक रेघ तुटली तर तेवढी डागता येते; काच फुटली तर रेघांसकट सगळेच नव्याने घ्यावे लागते.

ती फुटली तेव्हा गाडी माझ्याकडे नव्हती. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सहकारी आहेत. वय छत्तीस, सेट उत्तीर्ण, पीएच.डी.चा प्रबंध शेवटच्या प्रकरणापर्यंत आलेला. वडिलांना कराडला दवाखान्यात न्यायचे म्हणून त्यांनी गाडी मागितली होती. याआधीही दोन-तीनदा नेली होती आणि प्रत्येक वेळी टाकीत होते त्याहून थोडे जास्त पेट्रोल भरून आणून लावली होती. परतताना एका गावच्या बाजारात रस्ता तुंबला म्हणून ते थांबले. गळिताचा हंगाम. शेजारून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळला आणि मागच्या ट्रॉलीच्या कोपऱ्याचा लोखंडी अँगल काचेच्या कडेला टेकला. धक्का म्हणावा असा धक्काही नव्हता, पण मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांच्या पाठीवर, शालीवर, मानेवर काचेचा पाऊस पडला. सुदैवाने ओरखडासुद्धा नाही.

ट्रॅक्टर थांबला होता. चालवणारा विशीतला मुलगा, बीडकडचा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला. भोवती माणसे जमली, त्याच्याकडून पैसे घ्या, मालकाला फोन लावा, असे सल्ले सुरू झाले. आमच्या सहकाऱ्यांनी त्याला जाऊ दिले. मला हे सांगताना ते एवढेच म्हणाले, "सर, त्याच्याकडून काय घ्यायचं? आईबाप दोघं फडात आहेत. हंगामाची उचल घेतलीय, आणि ती दिवाळीच्या आधीच संपलीय."

दुसऱ्या दिवशी मी अधिकृत वर्कशॉपमध्ये चौकशी केली. काच मागवावी लागेल, चार दिवस लागतील. काच, चिकटवण्याचे सीलंट, क्लिपा, मजुरी आणि कर मिळून ८,६०० रुपये. तोवर डिकीच्या भोकावर शेततळ्याला घालतात तसल्या प्लॅस्टिकचा कागद चिकटवून गाडी उभी केली.

अशा वेळी कोणालाही पहिल्यांदा विम्याची आठवण होते, मलाही झाली. आणि विम्याचे नियम प्रथमदर्शनी काचेवर मेहेरबान आहेत. गाडी जुनी झाली की भरपाई देताना घसारा कापतात. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर तो निम्मा असतो, काचेवर मात्र शून्य. काच कितीही जुनी असली तरी नव्याची पूर्ण किंमत मान्य होते. या उदारतेला भुलून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा वार्षिक हप्ता सवलतीआधी साधारण ६,००० रुपये होतो. गेली अनेक वर्षे दावा केलेला नसल्यामुळे त्यावर ५० टक्के सूट मिळते. दावा केला की ती सूट शून्यावर येते आणि पुढे दावा न करता एकेक वर्ष काढले की २०, २५, ३५, ४५ अशी पायऱ्या चढत पुन्हा ५० वर पोचते. म्हणजे पहिल्या वर्षी ३,००० रुपये जास्त, दुसऱ्या वर्षी १,८००, तिसऱ्या वर्षी १,५००, मग ९००, मग ३००. बेरीज ७,५००. त्यात प्रत्येक दाव्यातून सक्तीने वजा होणारे १,००० रुपये मिळवले की ८,५००. बिल ८,६०० चे. पाच वर्षांच्या अवधीत माझा फायदा शंभर रुपये! जादा हप्ता भरून ही सूट सुरक्षित ठेवता येते. माझ्या पॉलिसीत ती सोय नव्हती. तेव्हा विमा कंपनी आपल्याला काच देत नाही, तिच्या किमतीएवढे कर्ज देते आणि ते सावकाश वसूल करते, असा निष्कर्ष काढून मी ती फाईल कपाटात ठेवली.

मग मी ठरवले की हा खर्च आपणच करायचा आणि विषय वाढवायचा नाही. माझ्या पगारात ८,६०० रुपये म्हणजे दोन दिवसांच्या आतबाहेरची गोष्ट. हे दोन दिवस शनिवार-रविवारही असू शकतात, कारण मी घरी पडून वर्तमानपत्र वाचतो त्या दिवसांचेही पैसे मला मिळतात. पण त्याच आठवड्यात ते सहकारी घरी आले. चहा झाला, प्रबंधाच्या तळटीपांविषयी बोलणे झाले आणि उठताना त्यांनी एक पाकीट टेबलावर ठेवले. आत ९,००० रुपये होते. वर्कशॉपमध्ये त्यांनी स्वतः जाऊन आकडा विचारला होता आणि पैसे पतसंस्थेतून उचलले होते.

मी अर्थातच नको म्हणालो. आपण ज्या सुरात अशा वेळी नको म्हणतो त्या सुरात: छे छे, सर, हे काय, तुमची काय चूक. ते उभेच होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तुम्ही घेतले नाहीत तर मला पुन्हा गाडी मागता यायची नाही."

या वाक्यापुढे माझ्या औदार्याची अडचण झाली. मी पैसे नाकारणे म्हणजे आमच्यातल्या देवघेवीत त्यांना कायमचे घेणाऱ्याच्या बाजूला उभे करणे होते. पेट्रोल जास्त भरून आणणारा माणूस तिथे उभा राहत नाही. तो मागणेच बंद करतो, वडिलांना एस.टी.ने नेतो आणि स्टाफरूममध्ये आपल्याशी पूर्वीइतकेच नम्र वागतो. आणि पैसे घेणे म्हणजे काय, तर तासाला ९०० रुपये मिळणाऱ्या माणसाकडून साडेनऊ तास घेणे. त्यांच्या वाट्याला आठवड्याला नऊ तास येतात. म्हणजे एक अख्खा आठवडा ज्ञानेश्वरी, दलित आत्मकथने आणि भाषाविज्ञान शिकवून आमच्या डिकीची काच विकत घ्यायची, आणि पुढच्या आठवड्यातला पहिला तास अर्धा घेऊन तिची मजुरी फेडायची. तोही तास झाला तर. स्नेहसंमेलन असले, परीक्षा असल्या, दिवाळीची सुटी असली, की तास नाही आणि तास नाही तर पैसा नाही. झालेल्या तासांचे पैसे दर महिन्याला येतात असेही नाही. जुलैपासूनचे बिल मंजूर होऊन हाती पडायला त्या वर्षी फेब्रुवारी उजाडली.

शब्द शिकवणारे लोक आपण. तेव्हा इथल्या तीन शब्दांकडे वाचकांनीही लक्ष द्यावे. ट्रॅक्टरवरच्या मुलाच्या घरी आली ती 'उचल'. ती कामाच्या आधी मिळते आणि कामाच्या आधीच संपते. मग हंगामभर माणूस खर्च झालेल्या पैशासाठी राबत असतो. माझ्या सहकाऱ्यांना मिळते ते 'मानधन'. ते कामानंतर, पुष्कळ नंतर मिळते आणि त्यात मान आधी लिहिलेला असल्यामुळे धनाविषयी फार विचारणे बरे दिसत नाही. मला मिळतो तो 'पगार', जो कामाकडे न बघता महिन्याकडे बघून येतो. आमच्या पिढीपर्यंत शिकवण्याचा मोबदला म्हटला की हाच शब्द डोळ्यांसमोर येई. आता माझ्या विभागात तीन माणसे शिकवतात आणि त्यांतल्या दोघांच्या बाबतीत तो वापरता येत नाही.

त्या बाजारात एका काचेभोवती हे तीन शब्द एकत्र आले होते. अँगल टेकला तो उचलीच्या ट्रॉलीचा, फुटली ती पगाराची काच आणि मधे सापडले ते मानधन. उचल घेतलेल्याकडून घेता येत नाही हे मानधनवाल्याला लगेच कळले, कारण ते अंतर त्याला चालत जाता येण्याजोगे होते. भरपाईचा प्रवास असा खालून वर सुरू झाला आणि एका पायरीवर थांबला. पगारवाल्याला, म्हणजे मला, तो तिथे थांबू नये असे वाटत होते. पण मला वाटण्याने ती पायरी माझी होत नव्हती.

मी पाकीट ठेवून घेतले. म्हणालो, "नक्की खर्च किती येतोय ते बघतो, उरलेले परत देतो." आणि रविवारी प्लॅस्टिकचा फडफडणारा कागद घेऊन कराडला गेलो.

कराडचे रेल्वे स्थानक ज्या ओगलेवाडीजवळ आहे तिथे ओगले बंधूंचा काच कारखाना होता. १९१६ साली सुरू झालेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतला 'प्रभाकर' कंदील तिथला. माझ्या आजोळी त्याची काच राखेने पुसण्याचे काम मुलांकडे असे, कारण मुलांचा हात आत जाई. कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली, गावाचे नाव तेवढे राहिले. त्याच्याही आधी, १९०८ साली, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना: प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. टिळकांनी ती उचलून धरली. या योजनेविषयी मला पूर्वी निव्वळ आदर होता. आता गाडी चालवताना तिच्यातला एक बारकावा जाणवला. सर्वांना एकच पैसा मागण्यात समता आहे, आणि तो पैसा इतका लहान ठेवण्यात शहाणपण आहे की कोणाच्याही हातात तो फार जड होणार नाही. रक्कम वाढत गेली की हे जमेनासे होते. ८,६०० हा आकडा सर्वांसाठी एकच असतो. त्याचे वजन मात्र हाताप्रमाणे बदलते.

बाजारपेठेतल्या काचवाल्याकडे माझ्या गाडीच्या मागच्या काचा दोन प्रकारच्या होत्या. रेघांची, म्हणजे डीफॉगरची, मागवावी लागणार होती आणि वर्कशॉपहून थोडीच स्वस्त होती. बिनरेघांची तयार होती. तीही कडक केलेली, तिच्यावरही आय.एस.आय.चा शिक्का होता, बाक तोच, वायपरचे भोक जागेवर. ३,४०० रुपये काच, ८०० रुपये सीलंट आणि मजुरी. "हीटर कोण लावतंय आपल्याकडं?" काचवाला म्हणाला. मी बिनरेघांची बसवायला सांगितली. दोन तास लागले. चौकटीतले जुने खडे त्याने पोकळ नळीने ओढून काढले, काळ्या सीलंटची जाड रेघ फिरवली, काच टेकवली आणि चिकटपट्ट्या लावल्या. एक दिवस गाडी धुऊ नका आणि सगळ्या काचा बंद करून दार जोरात आपटू नका, आतली हवा काचेला बाहेर ढकलते, एवढे पथ्य सांगितले. डीफॉगरच्या दोन वायरी त्याने टेप गुंडाळून आत सारल्या.

४,२०० रुपयांचे बिल आणि उरलेले ४,८०० मी सोमवारी सहकाऱ्यांना दिले. पाच तासांपेक्षा थोडे कमी, हा हिशेब मी मनातल्या मनात केला. त्यांनीही केला असणार. त्यांनी बिल वाचले, घडी केली, खिशात ठेवले आणि आम्ही दोघे तासाला गेलो.

तेव्हापासून एक प्रश्न मला पडून आहे आणि सौंदर्यशास्त्र शिकवताना मूल्य आणि किंमत यांतला भेद ज्या सफाईने मी फळ्यावर मांडतो ती सफाई इथे कामी येत नाही. त्यांनी काचेची किंमत दिली, असे मी म्हणू शकतो का? त्यांनी काच फुटण्याआधी होती तशी गाडी परत करायला पैसे आणले होते. मी त्यांच्यासाठी थोडी कमी गाडी परत घेतली आणि फरक सांगितला नाही. म्हणजे निम्मा खर्च मी केला, पण पैशांत केला नाही. न दिसण्याच्या रूपात केला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा असे ठरवून दिले होते. पावसाळ्यात आमच्याकडच्या घाटांत संध्याकाळी माझ्या मागच्या काचेतून किती जातो ते मोजायचे साधन माझ्याकडे नाही. गाडी हळू चालवतो आणि बाजूच्या आरशांवर भागवतो. याचे मला दुःख नाही. माझा भार मी परस्पर ठरवला, त्यांचाही मीच ठरवला आणि आमच्या दोघांतला व्यवहार बरोबरीचा झाला असे त्यांना वाटू दिले, हे मात्र अधूनमधून काचते. बरोबरी अशी एकाच्या गुपितावर उभी राहू शकते का?

कदाचित ते गुपित नसेलही. जुलैत वडिलांच्या तपासणीसाठी त्यांनी पुन्हा गाडी मागितली. मला फार बरे वाटले, आणि ते वाटणे लपवून किल्ली दिली. दिवसभर पाऊस होता. रात्री त्यांनी गाडी आणून लावली. टाकीत नेहमीप्रमाणे जास्तीचे पेट्रोल होते. दुसऱ्या दिवशी डिकी उघडली तेव्हा आत काच पुसायचे एक नवे पिवळे फडके घडी करून ठेवलेले दिसले. डीफॉगरचे बटण त्यांनी दाबून पाहिले असणार. त्याविषयी ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. येत्या वर्षी आमच्या विभागातली एक जागा भरली जाईल असे पुन्हा ऐकू येते आहे. गेली सहा वर्षे ते ऐकू येते. ती भरली गेली आणि त्यांना मिळाली, तर पहिल्या पगाराच्या दिवशी मी त्यांना त्या काचेची पूर्ण किंमत सांगणार आहे. तोवर फडके डिकीत आहे, आणि ते मी वापरतो.